सकाळी सात ते आठचे ठोके

“खंड पडला तर पडू दे, पण ही पट्टी बाळाच्या अंगावरची काढून दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावायची नाही. मिनिटभरसुद्धा नाही. कळलं?”

मालन सिस्टरनी हे बजावलं तेव्हा पद्मजानं ‘हो हो’ म्हणत मान डोलावली होती. जयसिंगपुरात उपाध्येबाईंच्या दवाखान्यात लसीला येणाऱ्या प्रत्येक आईला सिस्टर हेच ऐकवायच्या, त्याच एका सुरात. पद्मजाचं लक्ष सव्वा महिन्याच्या अर्हमकडे होतं. त्याच्या छातीवर डाव्या अंगाला रुपयाएवढी, कातडीच्याच रंगाची पट्टी बसली होती आणि तो खुशाल जांभई देत होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या आपल्याला आता चिकटपट्टीचे नियम शिकवतात, याचं तिला हसू आलं होतं.

त्या जूनपासून विमा कंपन्यांनी मंजुरीचं धोरणच बदललं होतं. पूर्वी डॉक्टर कागद पाठवायचे, कंपनीतला कुणीतरी तो वाचून शंका काढायचा आणि पेशंटचे नातेवाईक काउंटरपाशी ताटकळायचे. आता कंपनीजवळ प्रत्येक विमाधारकाचा एक ‘प्रतिदेह’ होता. पट्टी घामातून आणि कातडीखालून जे काही टिपते, म्हणजे ठोके, श्वास, ताप, क्षार, साखर, त्यावरून संगणकात उभं केलेलं त्याच माणसाचं दुसरं शरीर. लोक त्याला सरळ ‘जुळं’ म्हणत. माणूस आजारी पडला की कंपनी त्याच्या जुळ्याला तसंच आजारी पाडायची आणि उपचार न देता पुढचे तीन दिवस जगवून बघायची. एकदा नव्हे, दहा हजार वेळा. दर वेळी जरा वेगळं नशीब देऊन. जुळं पुरेशा वेळा खचलं, तर ‘मंजूर’. नाहीतर ‘थांबा’. सगळ्याला मिळून चार सेकंद.

हा चार सेकंदांचा निकाल फक्त हिरव्या रांगेतल्यांना. नोंदीत दिवसाकाठी दहा मिनिटांपेक्षा मोठा खंड पडायला लागला की माणूस पिवळ्या रांगेत जायचा, आणि मग त्याचं प्रकरण कुणीतरी वाचेपर्यंत तीन-तीन दिवस पडून राहायचं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तीन दिवस म्हणजे काय, हे कुठल्याही आईला वेगळं सांगायला नको. बायका एक वेळ स्वतःचं जेवण चुकवत, पण खंड पडू देत नसत.

आणि यल्लव्वा मावशी रोज सकाळी सातला यायची.

यल्लव्वा गावातल्या सहा घरची बाळं न्हाऊ घालायची. ठेंगणी, पन्नाशी उलटलेली, कपाळाला भंडारा. पाटावर पाय लांब सोडून बसायची, अर्हमला नडग्यांवर आडवा घ्यायची आणि कोमट तेलानं असा रगडायची की बघणाऱ्याची हाडं मोकळी व्हावीत. पहिल्याच दिवशी तेलानं पट्टी सुटून तिच्या तळहाताला आली.

“आगं बया! ह्ये काय निघालं ओ ह्येच्या अंगातनं?”

पद्मजाच्या मोबाइलवर खंडाची मिनिटं चढायला लागली. पाच. सहा. तेलकट छातीवर पट्टी काही केल्या बसेना. सात. आठ झाली तशी पद्मजानं ती पुसली आणि यल्लव्वाच्या गळ्याखाली, पदराच्या आत, कोरड्या जागी दाबून बसवली. मोबाइलवरचा ठिपका हिरवा झाला.

“राहू दे मावशी, न्हाणं होईपर्यंत.”

“आन् मिशीननं वळखलं म्हंजे? म्हणंल, मगदुमांचं बाळ एका रातीत म्हातारं झालं!”

दोघी खूप हसल्या. यंत्रानं ओळखलं नाही. माणसाची ओळख ते घामाच्या रसायनावरून पटवायचं, पण तेलानं घाम पुसट होतो आणि आपल्याकडची बाळं रोज तेलानं माखली जातात, हेही त्याला शिकवलेलं होतं. त्यामुळे न्हाण्याच्या तासाला ते ओळख मागायचं नाही. ठोके मात्र मोजत राहायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. पद्मजानं स्वतःची समजूत घातली होती. चोवीस तासांतला एक तास. एवढ्या मोठ्या ढिगात तेवढ्यानं सरासरी किती हलणार? पुढं तर यल्लव्वा बाकीच्या पाच घरीही तसंच करायला लागली. “मगदुमांच्या सूनबाईंनी दावलंय. शिकलेली हाय ती,” असं सांगायची.

अर्हम आठ महिन्यांचा झाला आणि एका मंगळवारी त्याला ताप आला. न्हाणं बंद झालं, यल्लव्वाला येऊ नको म्हणून कळवलं. शुक्रवारी सकाळी ताप उतरला, तरी पोर काही उभारी धरेना. पाजायला घेतलं की चार घोट घ्यायचा, कपाळाला घाम फुटायचा, आणि मान टाकायचा. पाय गार. पद्मजानं घड्याळ समोर ठेवून पोटाचं वरखाली होणं मोजलं. मिनिटाला बासष्ट. तिनं पुन्हा मोजलं. चौसष्ट.

“अहो, हा नीट नाहीये.”

सन्मती कारखान्यात जायच्या घाईत बूट चढवत होता. त्यानं तिचा मोबाइल उचलून बघितला. “हिरवा आहे की! पद्मा, तू त्याच्याकडे टक लावून लावून त्याला आजारी पाडशील एक दिवस.”

“श्वास बघा त्याचा.”

“तू बघतेस तेवढं पुरे आहे आपल्या घराला,” म्हणून तो गेला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. एका डोळ्याला अंधूक दिसायचं. त्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागायचं. त्यांनी नातवाच्या तळपायाला हात लावला आणि चपला शोधायला लागल्या. “चल. ठिपका काय पाजतोय व्हय त्याला? रिक्षा बोलव.”

उपाध्येबाई तीस वर्षं मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी स्टेथस्कोप अर्हमच्या छातीवर ठेवला. बराच वेळ ऐकलं. मग यकृत चाचपलं, पाय दाबून बघितले, आणि ऑक्सिजनची नळी लावता लावता मागे न बघता म्हणाल्या, “मालन, मिरजेला मुलांच्या अतिदक्षता विभागात खाट. आत्ता. पद्मजा, बस तू. तापाच्या विषाणूनं काळजाच्या स्नायूला सूज आलीय असं वाटतंय. ठोके एकशे नव्वदच्या वर आहेत आणि मध्येमध्ये चुकतायत. तिथं वेळेत पोचला तर चांगला होईल. इथं ठेवण्यासारखा नाही.”

सिस्टरनी टाइप केलं. एक, दोन, तीन, चार.

‘थांबा. वेगवान व अनियमित ठोक्यांचे प्रसंग या बालकात नेहमीचे आहेत. आजवर २०३ प्रसंग. प्रत्येक वेळी उपचाराविना आपोआप शमन. निरीक्षण ठेवावे.’

“दोनशे तीन?” उपाध्येबाई स्क्रीनजवळ आल्या. “दर महिन्याला मी या पोराची छाती ऐकतेय. एकदाही चुकलेला ठोका नाही.”

“मॅडम, आम्ही रोख भरतो. काहीही करा,” पद्मजा म्हणाली.

“खाट मंजुरीच्या क्रमांकाशिवाय सुटतच नाही गं. विमा असलेल्याकडून बाहेरून पैसे घेतले तर हॉस्पिटलचं नाव कंपनीच्या यादीतून जातं. मिरजेत कुणी हात लावणार नाही.” त्या फोन फिरवत होत्या. सिव्हिलमधल्या चारही खाटा भरलेल्या होत्या. संध्याकाळी एखादी रिकामी झाली तर बघू, म्हणाले.

“तुमचा आग्रह टाका ना, मॅडम,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

यंत्राचा निकाल ओलांडायची एकच वाट डॉक्टरांना ठेवली होती. तिचं सरकारी नाव ‘आग्रह’. तीन महिन्यांत तीन.

“संपले,” उपाध्येबाई म्हणाल्या. “तिसरा परवा गेला. एका पुढाऱ्याच्या नातवाला. साधी सर्दी होती. नाही म्हटलं तर कंपनीकडे दवाखान्याचा गुणांक कसा राहतो ते बघतो, म्हणाला.” त्यांनी पद्मजाच्या नजरेला नजर दिली नाही. “घाबरले मी.”

“घरी बोलावून मोजून तीनच आग्रह करणारे यजमान हे पहिलेच,” सिस्टर पुटपुटल्या. कुणी हसलं नाही.

सासूबाईंच्या मांडीवर अर्हम कण्हत होता. रडायला लागणारी ताकद त्याच्यात नव्हती. पद्मजाला वाटलं, त्यानं किंचाळावं, दवाखाना डोक्यावर घ्यावा.

“हे दोनशे तीन प्रसंग आहेत तरी कधीचे?” म्हणत बाईंनी त्याचा सगळा आलेख उघडला. दिवसांच्या रांगा एकाखाली एक उलगडत गेल्या. रात्री सपाट, दुपारी सपाट, खेळताना थोडे चढ. आणि प्रत्येक ओळीत एकाच जागी वेडीवाकडी खरवड. सकाळी सात ते आठ. काल नाही, परवा नाही, मंगळवारी नाही. त्याआधी रोज.

 पद्मजाला सगळं एकदमच दिसलं. सरासरी हलली नव्हती, तिचं गणित खरं होतं. पण यंत्र सरासरी शिकतच नव्हतं. हे पोर काय काय सोसून पुन्हा उठतं, ते शिकत होतं. दोनशे तीन सकाळी अर्हमचं काळीज धावलं, अडखळलं, आणि सव्वाआठला काहीच न झाल्यासारखं शांत झालं, हे त्यानं मनावर कोरून ठेवलं होतं. म्हणून आज त्याचं खरं काळीज अडखळत होतं, तर दहा हजार जुळी तीन दिवस मजेत जगून दाखवत होती.

“ते अर्हमचे ठोके नाहीत,” ती म्हणाली. “न्हाऊ घालणाऱ्या मावशीचे आहेत. पट्टी मी लावायचे तिला. रोज.”

मालन सिस्टरनी तिच्याकडे बघितलं.  चार शब्द सुनावले असते तर पद्मजाला बरं वाटलं असतं.

सिस्टरनी निवेदनाचा अर्ज उघडून स्क्रीन तिच्याकडे फिरवला. ‘पट्टी कोणाच्या अंगावर होती? नाव, वय, व्यवसाय, फोन.’ खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. विमाधारकाचं सगळं कुटुंब वर्षभर पिवळ्या रांगेत जाईल. संबंधित व्यक्तीला विमाधारक बालकांच्या संपर्कातून कायमचं वगळलं जाईल, आणि तसं सर्वांना कळवलं जाईल.

पद्मजाची बोटं थांबली. सहा घरं. त्या सहा घरांवरच यल्लव्वाची चूल पेटायची. आणि पट्टी तिनं स्वतः होऊन लावली नव्हती; तिच्या पदराखाली दाबून बसवली होती ती मगदुमांच्या शिकलेल्या सूनबाईनं. पद्मजानं स्वतःचं नाव टाकलं, वय टाकलं, व्यवसाय गृहिणी, आणि पाठवलं.

चार सेकंद.

‘असत्य निवेदन. नोंदवलेले ठोके निवेदकाच्या प्रतिदेहाशी जुळत नाहीत. आणखी एक निवेदन करता येईल.’

“अगं, काय केलंस हे!” उपाध्येबाई ओरडल्या. “तुझंही जुळं आहे की त्यांच्याकडे!”

अर्हमच्या ओठांवर निळसर छटा आली होती. बाईंनी ऑक्सिजन वाढवला आणि इंजेक्शन भरता भरता पुन्हा एकदा आलेखातल्या त्या खरवडीकडे बघितलं. 

“पद्मजा, या मावशीचं वय काय?”

“पंचावन्न असेल. का?”

“हिच्या काळजाचे वरचे कप्पे नुसते थरथरतायत, नीट पिळले जात नाहीत. काम करताना तर घोड्यासारखं पळतंय. अशात रक्त आत साकळतं. गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांग. कधी जाईल सांगता येत नाही. हिला औषध चालू आहे का?”

“डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावते ती. दवाखाना माहीत नाही तिला.”

“मग सांग तिला. आजच. पण आधी हे पाठव.”

 सासूबाई म्हणाल्या, “पद्मा, मी सांगतो ते ऐक. माझ्या डोळ्याचा विचार करू नकोस, एक आहे अजून धड. आणि यल्लव्वाचा विचार नंतर कर, पण कर. आता नाव घाल तिचं.”

पद्मजानं नाव घातलं. वय पंचावन्न. व्यवसाय: बाळं न्हाऊ घालणे. फोन तिला पाठ होता.

एक, दोन, तीन, चार. त्या एका तासाच्या सगळ्या नोंदी वगळून जुळं पुन्हा उभं राहिलं आणि दहा हजारांतली नऊ हजार दोनशे जुळी दुसऱ्या दिवसाची सकाळ बघू शकली नाहीत.

‘मंजूर.’

अँब्युलन्स अंकलीच्या पुलावर होती तेव्हा पद्मजाचा फोन वाजला. यल्लव्वाच होती. तिचा आवाज बारीक झाला होता.

“ताई, काय केलासा ओ? कुलकर्ण्यांनी दारातनंच परत लावलं मला. चौगुल्यांनी बी. मोबाइलवर माझं नाव आलंय म्हणं सगळ्यांच्या. मी काय चोरलं व्हय कुणाचं?”

“मावशी, ऐका. चूक माझी आहे. पण आधी ऐका, तुमच्या काळजाला त्रास आहे, तुम्ही आत्ताच्या आत्ता उपाध्येबाईंकडे जा...”

“माझ्या काळजाचं काय घिऊन बसलायसा? मागं भोंगा कसला वाजतोय त्यो?”

“अर्हमला मिरजेला नेतोय.”



“मग माझ्यासंगं काय बोलत बसलायसा? त्याच्याकडं बघा. तळपाय चोळा त्याचं, गार पडू दिऊ नका. ठेवतो मी.”

फोन बंद झाला तो बंदच राहिला.

अर्हम पाच दिवस नळ्यांच्या जाळ्यात होता. सहाव्या दिवशी त्यानं पद्मजाची बांगडी धरून ओढली आणि ती सोडवायला गेल्यावर भोकाड पसरलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकल्या. पद्मजानं सन्मतीला फोन लावला आणि काही न बोलता तो त्या रडण्याजवळ धरून ठेवला. तो आठवडाभर रोज मिरजेला येत होता, खाटेपाशी उभा राहून श्वास मोजत होता, आणि हिरव्या ठिपक्याचं नावही काढत नव्हता.

इकडे गावात कंपनीनं त्या पाचही बाळांच्या सकाळच्या नोंदी पुसल्या आणि त्यांची जुळी नव्यानं बांधायला घेतली. दोन बाळांचे तर नुसत्या सर्दीचे निकालही बदलले. बायका पद्मजाशी बोलेनाशा झाल्या, मग एकेक करून बोलायला लागल्या. उपाध्येबाईंनी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली, की मी छाती ऐकल्याशिवाय कुणाचंही काही पाठवणार नाही. गुणांक घसरला. हिरव्या रांगेतले बरेच पेशंट दुसरीकडे गेले. “बरंय,” त्या सिस्टरना म्हणाल्या, “ऐकायला वेळ मिळतो.”

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी पद्मजा यल्लव्वाच्या खोलीवर गेली. दाराला कुलूप. शेजारीण भांडी घासत होती.

“गेली की ती. गाठोडं बांधून नदीपल्याड गेली. हितं कोण आता कामाला लावतंय तिला? जिथं विमा पोचला न्हाई तितं जातो म्हणाली. बाळं काय सगळीकडंच हुत्यात.”

“कुठल्या गावी?”

“ते तिलाच म्हाईत नव्हतं, मला काय सांगणार!”

पद्मजानं कंपनीला लिहिलं. सहा बाळांच्या नोंदी मिळून या बाईच्या काळजाची हजारभर तासांची हकीकत तुमच्याकडे होती. तिला धोका आहे हे तुमच्या यंत्राला कळलं असणारच. तिला शोधायला मदत करा. उत्तर तासाभरात आलं. ‘संबंधित व्यक्ती विमाधारक नसल्याने तिच्या प्रकृतीविषयी कोणतीही कार्यवाही संभवत नाही. दूषित नोंदी नियमानुसार नष्ट करण्यात आल्या आहेत.’

मग तिनं सासूबाईंच्या मांडीवर अर्हमला दिलं आणि कागद घेतला. शिरोळपासून निपाणीपर्यंत आणि पलीकडे अथणी-चिकोडीकडे जाणाऱ्या एसटीच्या वाहकांना देता येईल, दुकानांच्या भिंतींवर लावता येईल, आयांच्या ग्रुपवर टाकता येईल, असं लिहायचं होतं. तिनं चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिलं ते असं:

‘हे वाचणाऱ्यांनी कृपा करून पूर्ण वाचावं. तुमच्या गावात नव्यानं कुणी बाळं न्हाऊ घालायला येऊ लागली आहे का? ठेंगणी, पंचावन्नची, कपाळाला भंडारा. हाताला विलक्षण गुण आहे तिच्या, बाळ रडत नाही. नाव यल्लव्वा, पण कदाचित दुसरं सांगेल. तिनं काहीही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

तिला काही त्रास होतो का, असं विचारू नका. ती नाहीच म्हणेल. न्हाणं झालं की तिला चहा द्या, बसवून घ्या, आणि तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. ठोके ओळीनं पडत नसले, मध्येच धावत आणि मध्येच चुकत असले, तर तिला घरी जाऊ देऊ नका. जो डॉक्टर जवळ असेल त्याच्याकडे हाताला धरून न्या. ती म्हणेल, उद्या जातो. तिचं ऐकू नका.

आजच बघा.’